हूवर धरणाची अर्ध्या दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे आलेले आई-वडील, परिषदेसाठी लास व्हेगसला पोचलेले इंजिनीअर, सुट्टीत फिरायला निघालेली कुटुंबं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं नकोत म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. हूवर धरण नेमकं कुठे आहे? लास व्हेगसहून किती वेळ लागतो?

नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या हद्दीवर, कोलोरॅडो नदीच्या ब्लॅक कॅन्यन नावाच्या घळीत. लास व्हेगसहून अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे आणि रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासात पोचता येतं. वाटेत बोल्डर सिटी लागते. धरणाच्या कामगारांना राहायला १९३१ मध्ये वसवलेलं हे गाव. लास व्हेगसच्या इतक्या जवळ असूनही इथे जुगाराला आजही बंदी आहे. तुमच्या सहलीत इथे थांबा असेल तर गाडीत बसून राहू नका, चक्कर मारून या.

२. अर्धा दिवस पुरतो का? की पूर्ण दिवस ठेवावा?

पुरतो, पण वेळ कुठे जातो यावर लक्ष हवं. हे धरण तीन ठिकाणांहून पाहायचं असतं: समोरच्या पुलावरून, माथ्यावरून आणि पोटात शिरून. पहिल्या दोन जागी फोटो काढता काढता दोन तास सहज निघून जातात आणि मग आत जायला वेळ उरत नाही. आधी आतली टूर करा, फोटो नंतर. वरून दिसते ती देखणी भिंत. ती का आणि कशी उभी आहे, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

३. एकाच "हूवर डॅम टूर"चे दर वेगवेगळ्या जाहिरातींत इतके कमी-जास्त कसे?

कारण "टूर" या शब्दात काय काय धरलंय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. सर्वात स्वस्त सहलीत बस तुम्हाला माथ्यावर सोडते, तास-दीड तासाने गोळा करते आणि आत जाण्याचं तिकीट त्यात नसतं. त्याच्या वरच्या सहलीत व्हिजिटर सेंटरचं तिकीट असतं, म्हणजे प्रदर्शन, माहितीपट आणि वरचा सज्जा. आणखी वरच्या सहलीत वीजगृहाची टूर असते.

पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: "लिफ्टने खाली वीजगृहात नेणार का?" उत्तर गोलमोल आलं तर नेणार नाहीत असं समजा. हॉटेलवरून नेणं-आणणं, पाण्याची बाटली, बोल्डर सिटीतला थांबा हे बहुतेक सगळ्यांकडे असतं. दरातला खरा फरक आतल्या तिकिटामुळे पडतो.

४. वीजगृहाची टूर आणि धरणाची टूर, या वेगळ्या आहेत का? कोणती घ्यावी?

वेगळ्या आहेत. दोन्ही टूर धरण चालवणारी सरकारी संस्था, ब्यूरो ऑफ रेक्लमेशन, स्वतः घेते. बसचा गाईड दारापाशी थांबतो आणि आत धरणाचा गाईड असतो.

वीजगृहाच्या टूरला साधारण अर्धा तास लागतो. लिफ्ट खडकातून ५३० फूट खाली उतरते. तिथून बोगद्यातून चालत गेलं की ३० फूट व्यासाच्या पोलादी जलवाहिनीवर बांधलेल्या मचाणावर तुम्ही उभे राहता आणि वाहत्या पाण्याची थरथर तळपायांना जाणवते. नंतर नेवाडा बाजूच्या जनित्रांचं दालन पाहायला मिळतं. एकूण मोठी जनित्रं १७, त्यांपैकी ८ नेवाडाच्या बाजूला आणि ९ ॲरिझोनाच्या.

धरणाची टूर सुमारे तासाभराची. तिच्यात हे सगळं असतंच, शिवाय भिंतीच्या आतल्या तपासणीच्या अरुंद गॅलऱ्यांतून नेतात आणि भिंतीच्या तोंडावरच्या झरोक्यातून खाली नदी दिसते. तिची तिकिटं मोजकी असतात. ती ऑनलाइन मिळत नाहीत, त्याच दिवशी खिडकीवर जाऊन घ्यावी लागतात. म्हणून बसच्या सहलींत ती सहसा नसते.

पहिल्यांदा जात असाल आणि बसने जात असाल तर वीजगृहाची टूर घ्या. बांधकामाची आवड असेल तर मात्र स्वतःच्या गाडीने सकाळी लवकर पोचून धरणाची टूर मिळवा. अलीकडे व्हिजिटर सेंटरचं तिकीट १०, वीजगृहाचं १५ आणि धरणाच्या टूरचं ३० डॉलर होतं. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या दिवशी व्हिजिटर सेंटर बंद असतं.

५. आमच्याकडे भाड्याची गाडी आहे. मग गाईडसह सहल कशाला?

गाडी असेल तर सहल घेतलीच पाहिजे असं नाही. रस्ता सोपा आहे, नेवाडाच्या बाजूला पैसे भरून पार्किंग मिळतं, माथ्यावर चालायला तिकीट लागत नाही आणि आतला गाईड तर सगळ्यांना एकच. बसची सहल सोयीची पडते ती गाडी चालवायची नसेल तर, किंवा घरातल्या मोठ्यांना एकटं पाठवायचं असेल तर. चांगला गाईड वाटेत वाळवंट, पाणीवाटप आणि बोल्डर सिटीचा इतिहास सांगत नेतो, ते मात्र स्वतः गेल्यावर हुकतं.

एक लक्षात ठेवा. धरणावरून गाडी ॲरिझोनाच्या बाजूला जाते, पण पुढे रस्ता बंद आहे. तिथून वळून परतच यावं लागतं. पलीकडे जाणारी वाहतूक २०१० पासून नव्या पुलावरून जाते (प्रश्न १०).

६. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

माथा, व्हिजिटर सेंटर आणि वीजगृहाची टूर जमण्यासारखी आहे, कारण उतरणं-चढणं लिफ्टने होतं. चालणं आणि उभं राहणं मात्र बरंच आहे. धरणाच्या टूरमधल्या अरुंद वाटांवर व्हीलचेअर किंवा कुबड्या घेऊन जाता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ती सोडून द्या. बंद जागेची भीती असणाऱ्यांनीही आधी विचार करावा. लिफ्ट भरलेली असते आणि बोगदे ठेंगणे.

टूर इंग्रजीतच असते. इंग्रजी भराभर कळत नसेल तर त्यांना प्रश्न १२ ते १७ आधी वाचून दाखवा. खाली गाईड बोलतो ते बहुतेक याच गोष्टींबद्दल.

७. लहान मुलांना नेता येतं का?

वीजगृहाच्या टूरला येतं. धरणाच्या टूरला ८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही आणि त्यात सूट देत नाहीत. एक मूल सात वर्षांचं आणि दुसरं दहाचं असेल तर एकाने बाहेर थांबण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वीजगृह बघावं.

८. कोणत्या महिन्यात जावं? उन्हाळ्यात फार तापतं का?

ऑक्टोबर ते एप्रिल उत्तम. जून ते ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, काही दिवस ४३-४५ पर्यंत. आपल्याकडच्या विदर्भातल्या माणसालाही हे ऊन वेगळं वाटतं, कारण हवा अगदी कोरडी असते. घाम लगेच सुकतो आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याचं कळत नाही. उन्हाळ्यातच जायचं असेल तर सकाळची पहिली सहल घ्या, टोपी घाला आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा. १९३१ च्या उन्हाळ्यात याच घळीत उष्माघाताने कामगार दगावले होते. तेव्हा तंबूत राहणाऱ्या माणसांकडे ना सावली होती ना थंड पाणी.

९. सुरक्षा तपासणी किती कडक आहे? डबा नेता येतो का?

धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाका आहे, तिथे गाड्या थांबवून पाहतात. व्हिजिटर सेंटरच्या दारात विमानतळासारखी तपासणी होते. चाकू, कात्री, हत्यारासारखं दिसणारं काहीही नेऊ नका. ड्रोनला पूर्ण बंदी आहे. पाळीव प्राण्यांना माथ्यावर नेता येत नाही. डबा गाडीतच ठेवा, आत खाता येत नाही. ओळखपत्र जवळ असू द्या.

१०. तो उंच पूल म्हणजे काय? तिथे चालत जाता येतं का?

माइक ओकॅलहन–पॅट टिलमन स्मारक पूल. २०१० मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीपासून सुमारे ८९० फूट उंच काँक्रीटची कमान आहे आणि तिच्यावरून महामार्ग जातो. गाडीतून जाताना धरण दिसत नाही, कठडा उंच आहे. म्हणून नेवाडाच्या बाजूला गाडी लावून पायऱ्या किंवा रॅम्प चढून पुलावरच्या पादचारी मार्गावर जायचं. तो धरणाच्याच बाजूला आहे आणि त्याला तिकीट नाही. पूर्ण भिंतीचा फोटो याच जागेवरून येतो.

वारा जोराचा असतो आणि मालट्रक गेले की पूल हलल्याचं जाणवतं. उंचीची भीती असेल तर कठड्यापासून दूर, आतल्या बाजूने चाला.

११. धरणावर दोन घड्याळं वेगवेगळी वेळ का दाखवतात? बस चुकेल का?

पाण्यातल्या मनोऱ्यांवर घड्याळं आहेत, एका बाजूला नेवाडाची वेळ आणि दुसऱ्या बाजूला ॲरिझोनाची. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर दोन्हीकडे एकच वेळ दिसते आणि हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे असतं. बस चुकण्याचा धोका हिवाळ्यात आहे, कारण फोन पलीकडचा टॉवर पकडून स्वतःच वेळ बदलतो. बस नेवाडाच्या वेळेने सुटते. हातात साधं घड्याळ असेल तर ते लास व्हेगसच्या वेळेवर लावा आणि तेच बघा.

१२. काँक्रीटमध्ये कामगार गाडले गेले आहेत, हे खरं का?

खरं नाही. काँक्रीट एका दमात ओतलेलंच नव्हतं. भिंत स्वतंत्र ठोकळ्यांची आहे आणि प्रत्येक ठोकळा एका वेळी जेमतेम ५ फूट चढवत नेला. बादलीतून पडलेला माल पसरला की थर काही इंचांचा व्हायचा आणि तो पायाने तुडवायला माणसं उभीच असायची. १९३३ मध्ये साचा कोसळून एक कामगार गाडला गेला होता, पण त्याचा देह खोदून बाहेर काढण्यात आला.

ही दंतकथा ऐकून पर्यटक पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं, कारण खरी हकीकत त्याहून जड आहे. बांधकामातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा ९६. बांधकामाच्या काळात नदी वळवायला खडकात बोगदे खोदले होते; त्यांतल्या धुराने आजारी पडून मेलेले त्या आकड्यात धरलेले नाहीत. अशा कित्येक मृत्यूंची नोंद न्यूमोनिया म्हणून झाली. बोगद्यांत पेट्रोलवर चालणारे ट्रक होते, आणि कार्बन मोनॉक्साइडने आपली तब्येत गेली म्हणून कामगारांनी कंत्राटदार कंपन्यांवर दावे लावले होते. कंत्राटात चिनी वंशाच्या माणसांना कामावर घेण्यास मनाई होती आणि पाच हजारांवरच्या मनुष्यबळात कृष्णवर्णीय कामगार अगदी मोजके घेतले गेले. ऑगस्ट १९३१ मध्ये संपही झाला. गाईड हे सांगतोच असं नाही. विचारा, बहुतेकांना माहीत असतं.

आणखी एक योगायोग इथे नेहमी सांगतात आणि तो खरा आहे. धरणाच्या जागेची पाहणी करताना २० डिसेंबर १९२२ रोजी जे. जी. टियर्नी नदीत बुडाले. बरोबर तेरा वर्षांनी, २० डिसेंबर १९३५ ला, त्यांचा मुलगा पॅट्रिक धरणाच्या पाण्यातल्या मनोऱ्यावरून पडून मरण पावला.

१३. आतलं काँक्रीट अजून ओलं आहे, असं गाईड म्हणाला. खरंच का?

ओलं नाही, पण त्याची ताकद अजून वाढते आहे, असं म्हणणं बरोबर. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. तळाशी २०० मीटर जाडीची ही भिंत सलग ओतली असती तर ती निवायला १२५ वर्षं लागली असती आणि तोवर तडे गेले असते. म्हणून ठोकळ्यांतून सुमारे ९३५ किलोमीटर लांबीचे बारीक पोलादी नळ फिरवले आणि त्यांतून आधी नदीचं, मग यंत्राने थंड केलेलं पाणी सोडलं. काम झाल्यावर ते नळ आणि ठोकळ्यांमधल्या फटी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरून टाकल्या. पहिलं काँक्रीट जून १९३३ मध्ये पडलं, शेवटचं मे १९३५ मध्ये. दोन वर्षांत, आणि मुदतीच्या आधी.

१४. दरवाजे उघडून पाणी सोडतात ते कधी बघायला मिळेल?

हा प्रश्न आपल्याच लोकांकडून सर्वात जास्त येतो, कारण पावसाळ्यात धरण बघायला जायचं म्हणजे विसर्ग बघायला जायचं, ही आपली सवय. इथे ते दिसणार नाही. भिंतीत दरवाजेच नाहीत. सांडवे दोन्ही काठांवर आहेत आणि त्यांतलं पाणी खडकातल्या बोगद्यांतून भिंतीच्या खालच्या बाजूला नदीत पडतं. तेही आजवर दोनदाच वाहिले: १९४१ मध्ये चाचणीसाठी आणि १९८३ च्या पुरात.

एरवी पाणी जलवाहिन्यांतून जनित्रांकडे जातं आणि वीज करून निमूट नदीला मिळतं. कोरडा सांडवा मात्र अवश्य बघा. ॲरिझोनाच्या बाजूला कठड्यावरून वाकून पाहिलं की त्याच्या तोंडाचा आकार कळतो.

१५. फोटोत कडेच्या डोंगरावर पांढरा पट्टा दिसतो, तो कशाचा? पाणी संपत आलंय का?

पाणी जिथवर होतं तिथवर खडकावर बसलेल्या क्षारांचा तो पट्टा आहे. धरणामागचा जलाशय म्हणजे लेक मीड. पूर्ण भरला तर ११०० टीएमसीच्या वर पाणी. कोयनेच्या शिवसागरात साधारण १०५ टीएमसी मावतं, त्यावरून अंदाज येईल. साल २००० पासूनचा दीर्घ दुष्काळ आणि आवकीपेक्षा जास्त वापर यांमुळे पातळी घसरत गेली. जुलै २०२२ मध्ये ती समुद्रसपाटीपासून सुमारे १०४० फुटांवर आली. जलाशय १९३० च्या दशकात भरल्यापासूनची ही तोवरची नीचांकी पातळी. पट्टा तेव्हा दीडशे फुटांहून उंच दिसत होता.

संपलेलं नाही, पण काळजीचं आहे. १९२२ च्या करारात सात राज्यांमध्ये या नदीचं पाणी वाटलं गेलं, आणि ते वाटप नदीला भरपूर पाणी आलेल्या वर्षांच्या अंदाजावर बेतलेलं होतं. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं. लास व्हेगस परिसराचं सुमारे ९० टक्के पाणी याच नदीतून येतं. हॉटेलच्या कारंज्यांसमोर उभं राहण्याआधी हा पट्टा पाहिलेला बरा.

१६. लास व्हेगसची रोषणाई याच विजेवर चालते ना? आणि कोयना मोठं की हे?

रोषणाईचा थोडा भाग. वीज नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात वाटली जाते आणि तिच्यातला सर्वात मोठा वाटा दक्षिण कॅलिफोर्नियाकडे जातो. बरीच वीज तर तिकडे पाणी उपसून न्यायला लागते.

उंचीत तुलनाच नाही: हूवर २२१ मीटर, कोयना १०३. (भाक्रा मात्र सुमारे २२६ मीटर, म्हणजे हूवरहून थोडं उंच.) पण स्थापित क्षमता बघा. हूवर २०८० मेगावॉट, कोयना १९६०. अर्ध्या उंचीच्या धरणातून जवळपास तेवढीच वीज निघते, कारण कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे नेऊन घाटाखाली सोडलं जातं. तिथे उंची भिंत देत नाही, सह्याद्री देतो. हूवरला मात्र सगळी उंची भिंतीनेच उभी करावी लागली, आणि म्हणून लेक मीडची पातळी उतरली की वीजक्षमताही उतरते.

१७. एवढ्या पाण्याने इथे भूकंप होत नाहीत का?

झाले आहेत. १९३५ नंतर जलाशय भरू लागला तसे परिसरात शेकडो लहान धक्के नोंदले गेले. त्यातला मोठा १९३९ मधला, ५ च्या आसपास तीव्रतेचा. जलाशयाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध असू शकतो, याचा जगातला सुरुवातीचा अभ्यास इथलाच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात अजून आठवला जातो, त्यांना हा भाग गाईडला विचारावासा वाटेल.

१८. जुन्या पुस्तकांत "बोल्डर धरण" लिहिलंय. ते हेच का?

हेच. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं नाव दिलं, १९३३ मध्ये सरकार बदलल्यावर "बोल्डर धरण" म्हणू लागले, आणि १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हूवर हे नाव कायम केलं. ३० सप्टेंबर १९३५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकार्पण केलं. त्या रात्रीच्या आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा नकाशा माथ्यावरच्या फरशीत कोरला आहे, शिल्पकार ऑस्कर हॅन्सन यांच्या पंखधारी पुतळ्यांजवळ. त्या ३० फुटी पुतळ्यांच्या पायाची बोटं लोक नशिबासाठी घासतात, म्हणून तेवढाच भाग झळाळतो.

१९. ड्रायव्हर-गाईडला टिप द्यायची का?

बसच्या गाईडला द्यायची पद्धत आहे, सहलीच्या रकमेच्या १५ ते २० टक्के. धरणाच्या आतले गाईड सरकारी कामावर असतात, त्यांना देऊ नका. आभार माना, पुरे.

२०. त्याच दिवशी ग्रँड कॅन्यनही होईल का?

अर्ध्या दिवसात नाही. दक्षिण काठ लास व्हेगसहून चार तासांहून लांब आहे, पश्चिम काठही दोन तासांच्या पुढे. दोन्ही एका दिवसात दाखवणाऱ्या सहलींत धरण म्हणजे पुलावर वीस मिनिटांचा फोटोचा थांबा. धरण आतून बघायचं असेल तर त्याला स्वतंत्र सकाळ द्या.

२१. पैसे भरलेत आणि ऐनवेळी वीजगृहाची टूर बंद असली तर?

असं होतं. लिफ्टची दुरुस्ती, देखभालीचं काम किंवा सुरक्षेचं कारण निघालं की आतल्या टूर थांबवतात आणि त्यावर सहल कंपनीचा ताबा नसतो. म्हणून आरक्षणाच्या वेळीच आतलं तिकीट रद्द झालं तर तेवढी रक्कम परत मिळणार का, हे लेखी घ्या. आदल्या संध्याकाळी संस्थेच्या संकेतस्थळावर सूचना बघा. टूर बंद असल्याचं निघण्यापूर्वी कळलं आणि तुमच्याकडे आणखी एखादा दिवस असेल, तर तारीख पुढे ढकला. दिवस नसेल तरीही जा: व्हिजिटर सेंटर उघडं असेल तर माहितीपट बघा, दोन्ही काठांपर्यंत माथा चाला, आणि वाचलेला वेळ पुलावर आणि बोल्डर सिटीत घालवा.